ताराबाई आणि वीतभर फीत

ताराबाई तायड्यांना मी पहिले सहा महिने नुसतं ऐकलं, पाहिलं नंतर. सुरतजवळच्या उधन्याच्या ज्या मिलमध्ये मी पॅकिंग खात्यात कारकून म्हणून लागलो, तिथे त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. फोन उचलला की मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज यायचा, "हां, बोला देवरे." खात्यात आम्ही चार कारकून होतो. मीच फोन उचललाय हे यांना कसं कळतं, हे मला बरेच दिवस कोडं होतं. शेवटी विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही फोन उचलून बोलायच्या आधी घसा साफ करता. कोणी पैसे मागणार असल्यासारखा."

त्या आवाजावरून मी एक बाई मनात तयार केली होती. उंच, गोरी, सिल्कची साडी नेसलेली. दिवाळीच्या आधी मिठाईचा खोका द्यायला टेलिफोन बोर्डाच्या खोलीत गेलो, तर तिथे साडेचार फूट उंचीच्या, काळ्यासावळ्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बाई लाकडी पेटीवर पाय ठेवून बसल्या होत्या आणि एका हाताने भेळ खात दुसऱ्या हाताने वायरी खुपसत होत्या. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं असंच होतं. खोका ठेवा आणि जा. फोनवर आवाज तोच राहील."

त्यांचे वडील भुसावळकडचे. रेल्वेत पॉइंट्समन होते, बदली होऊन उधन्याला आले आणि इथलेच झाले. ताराबाई मॅट्रिक झाल्या आणि बोर्डावर बसल्या त्या मिल बंद होईपर्यंत. लग्न केलं नाही. कारण विचारणाऱ्याला सांगायच्या, "जे जे बघायला आले, त्यांचे आवाज मला आवडले नाहीत. चेहऱ्याकडे बघायचं टाळता येतं, आवाजाचं काय करणार?" आवाजावरून माणूस जेवून आलाय की उपाशी आहे हे त्या ओळखत. हे त्यांचं म्हणणं आम्ही थट्टेवारी नेलं, तेव्हा त्यांनी आठवडाभर रोज साडेबाराला आमच्या खात्यात फोन करून कोणाचा डबा झाला आणि कोणाचा राहिला ते सांगितलं. एकदाही चुकल्या नाहीत. चपराशी त्यांना सामील होता, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

मिल बंद झाली तेव्हा ज्याला जे मिळेल ते तो घरी नेत होता. कोणी खुर्ची नेली, कोणी पंखा. मॅनेजर मेहतासाहेबांच्या टेबलाच्या खणात एक खिशातला टेपरेकॉर्डर पडला होता. सिगारेटच्या पाकिटाएवढा, आत काडेपेटीएवढी कॅसेट. साहेब त्यात पत्रं बोलून ठेवायचे आणि टायपिस्ट ऐकून टाइप करायचा. ताराबाईंनी तो मागितला. साहेब म्हणाले, "ले जाओ तायडे, कचरा है." घरी जाऊन त्यांनी सेल घातले आणि कॅसेट सुरुवातीपासून ऐकली. चार पत्रं, मग थोडी शांतता, आणि मग साहेब गात होते. दार लावून, टेबलावर बोटांनी ठेका धरून. हे तेच साहेब, ज्यांनी पॅकिंग खात्यात गुणगुणायला बंदी घातली होती.

दुसऱ्या दिवशी ताराबाईंनी साहेबांच्या घरी फोन लावला आणि बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, आपका बाहर से कॉल है, लाइन पे रहिए." मग रेकॉर्डर फोनच्या तोंडाशी धरला. साहेबांनी मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "कौन गा रहा है ये? बहोत बेसुरा है."

"आपकी पुरानी फाइल है साहेब," ताराबाई म्हणाल्या.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग साहेबांनी हळूच विचारलं, "तायडे, किसी को सुनाया तो नहीं?" ताराबाईंनी नाही म्हणून सांगितलं. आम्ही पाच जण तेव्हा त्यांच्याच खोलीत, तोंडात पदर आणि रुमाल कोंबून बसलो होतो.

तिथून त्यांना टेपरेकॉर्डरचं वेड लागलं. पुढे मी उधन्यात त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या बरोबर खाली फ्लॅट घेतला आणि वेडाची वाढ मला जवळून बघायला मिळाली. जुन्या बाजारात त्या दर आठवड्याला जायच्या. हातात भाजीची पिशवी, पायात प्लास्टिकच्या चपला. टेपरेकॉर्डर दिसला तरी त्याच्याकडे बघायच्या नाहीत. शेजारच्या फुटक्या मिक्सरची चौकशी करायच्या, त्याचं झाकण लावून बघायच्या, भाव पाडून तो घ्यायच्या आणि जाता जाता, "आ रेडियो जेवुं शुं छे, साथे आपी दो ने," म्हणून ते मिक्सरवर फुकट, गोड आवाजात मागायच्या. घरी आल्यावर मिक्सर मोलकरणीला आणि "रेडिओ" स्वयंपाकघरात. आमच्या इमारतीच्या मोलकरणीकडे काही वर्षांत सात मिक्सर झाले. त्यातला एकही चालत नव्हता.

बघता बघता चाळीसेक यंत्रं झाली. बुटाच्या खोक्याएवढं आडवं, पुढे जाड बटणांची रांग असलेलं. चामड्याच्या भोकाभोकाच्या आवरणातलं, खांद्याला लटकवायचं. कॅसेटपेक्षा जेमतेम बोटभर मोठं. एक तर दोन चाकांचं, रिळांचं, मूठ धरून न्यायचं, आणि ते नेताना त्या एका बाजूला कलायच्या. ही सगळी त्या स्वयंपाकघरात, स्टीलच्या डब्यांत ठेवत. प्रत्येक डब्यात तळाशी तांदळाची पुरचुंडी, सुरतच्या दमट हवेत यंत्रांना ओल लागू नये म्हणून. डब्यांवर चिठ्ठ्या मात्र तूरडाळ, साखर, शेंगदाणे अशाच. "चोर आला तर खोलीत शोधेल, डाळ कोण चोरतं?" असं त्यांचं म्हणणं. एकदा माझी बायको वाटीभर साखर मागायला गेली आणि साखरेच्या डब्यातून निघालेला जपानी रेकॉर्डर बघून तशीच रिकामी वाटी घेऊन खाली आली. खरी साखर कुठे असते हे ताराबाईंनाही दर वेळी शोधावं लागे.

वापरून झाल्यावर सेल काढून ठेवायचे, हा त्यांच्या घरातला एकमेव कडक नियम. सेल जिवंत आहे की मेलेला, ते बघायला त्या तो ओट्यावर उभा सोडायच्या. चांगला सेल ठप्पकन बसतो, संपलेला उडी मारतो. बाजारात दुकानदारापुढे हे केलं की तो बिचारा चक्रावून जाई. आणि कुठलंही यंत्र दुरुस्त झालं की त्यात बोलून बघायचं, तर बाकीचे लोक हॅलो हॅलो, एक दोन तीन म्हणतात. ताराबाई म्हणायच्या, "ताराबाई तायडे, उधना. आज भेंडी केली आहे." त्यांच्याकडच्या कॅसेटी लावल्या तर उधन्यातल्या एका घरात वीस वर्षं काय काय शिजलं याचा सगळा हिशोब लागेल. कारली जास्त आहेत.

आमच्या सोसायटीचे प्रमुख हसमुखभाई. माणूस वाईट नव्हता, पण मीटिंगमध्ये कबूल केलेलं जिना उतरेपर्यंत विसरायचा. एका मीटिंगला त्यांनी सगळ्यांपुढे सांगितलं की होळीच्या आत लिफ्ट चालू झाली नाही तर मी स्वतः तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांचा गॅसचा बाटला, म्हणजे सिलिंडर, उचलून देईन. होळी गेली. पुढच्या मीटिंगला ते म्हणाले, असं मी बोललोच नाही. ताराबाईंनी शांतपणे भाजीच्या पिशवीतून, मेथीच्या जुडीखालून एक रेकॉर्डर काढला आणि बटण दाबलं. पण त्या दिवशी सेल उतरले होते. हसमुखभाईंचा आवाज इतका जाड आणि इतका सावकाश निघाला की एखादी म्हैस भाषण करतेय असं वाटावं. "गॅ...स...नो...बा...ट...लो..." आधी त्यांची बायको हसली. मग सगळे. शेवटी हसमुखभाईच डोळे पुसत म्हणाले, "बस करो मासी, लिफ्ट चालू करावी दऊं छुं." महिन्याभरात लिफ्ट चालू झाली.

त्यानंतर इमारतीत ताराबाईंच्या पिशवीचा दरारा बसला. त्या पिशवी टेबलावर ठेवून बसल्या की भांडणारी माणसं एकमेकांना "आपण" म्हणू लागत. मला त्यांनी नंतर सांगितलं, "देवरे, तो एक दिवस सोडला तर पिशवीत नेहमी वांगीच होती."

आता दगाआप्पांकडे येतो. इथे मीही थोडा गुन्हेगार आहे.

दगाआप्पा माझे मामेसासरे. शिरपूर तालुक्यातले. आमच्या खानदेशात दगा हे नाव असतं, त्यात कोणाला काही वाटत नाही. तरुणपणी ते सुरतला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला आले, पुढे तिथेच गोडादऱ्यात घर केलं, जॉबर, म्हणजे मागवाल्यांचे मुकादम म्हणून निवृत्त झाले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या मामी, चार वर्षांपूर्वी गेल्या. वर्षश्राद्धानंतर मामींची ट्रंक उघडली तेव्हा साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली एक कॅसेट निघाली. आप्पांनी ती बघताक्षणी ओळखली. ते सुरतला एकटे आले होते आणि मामी गावी होत्या, त्या पहिल्या वर्षी मामींनी शाळेतल्या मास्तरांच्या टेपवर ती भरून, सुरतला येणाऱ्या एका माणसाबरोबर धाडली होती. मामींना लिहिता येत नव्हतं. नंतर त्या स्वतः सुरतला आल्या, आणि लाजून ती कॅसेट अशी लपवली की आप्पांना वाटलं हरवली. पस्तीसेक वर्षं झाली होती. लावायला आता यंत्र नव्हतं.

मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "आप्पा, आमच्या वर एक बाई राहतात."

ताराबाईंनी कॅसेट हातात घेतली, खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली आणि म्हणाल्या, "दोन दिवस ठेवून जा. आधी साफ करते." आप्पा कॅसेट ठेवून निघाले. ते जिना उतरले असतील नसतील, तोच ताराबाईंचे डोळे चमकले. आदल्याच दिवशी बाजारातून ते कॅसेटपेक्षा बोटभर मोठं यंत्र आलं होतं आणि त्यात खरीखुरी कॅसेट लावून बघायची त्यांना घाई झाली होती.

"ताराबाई, साफ करणार होतात," मी म्हणालो.

"अर्धं मिनिट ऐकू. नंतर साफ करू."

बटण दाबलं. थोडी खरखर झाली आणि एका तरुण बाईचा आवाज आला. मामींचा. मी मामींना पोक्त वयातच पाहिलेलं. हा आवाज वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा होता, आमच्या अहिराणीत घरची खुशाली सांगणारा. "पोऱ्याना बाप, मी बोली राहिनू. आठे बठ्ठा बरा शेतस. गाय इनी, गोऱ्हा व्हयना. तुम्ही तठे एकटा शेतस..." आणि एवढ्यात आवाज चिरकला, घोगरा झाला आणि थांबला. यंत्राच्या आतून कुरकुर येऊ लागली.

ताराबाईंनी झाकण उघडलं. आतला फीत दाबणारा रबरी रूळ जुना होऊन चिकट झाला होता, आणि फीत पुढे जायच्या ऐवजी त्याच्याभोवती गुंडाळली गेली होती. आम्ही दोघांनी तासभर चिमट्याने, शिसपेन्सिलीने ती सोडवली. सुटताना तुटली. आणि वीतभर फीत अशी चुरगळली होती की तिचा दोरा झाला होता.

 ताराबाई ओट्यापाशी उभ्या होत्या आणि हातातला तो दोरा अंगठ्याने सरळ करत होत्या, पुन्हा पुन्हा. "चाळीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्या," त्या म्हणाल्या, "कधी एक कॉल तोडला नाही. आणि आज बघा."

मी म्हटलं, आप्पांना खरं सांगू. साधा माणूस आहे, रागावणार नाही.

"रागावले तर परवडलं. रडले तर?"

मी चिमटा आणि पेन्सिल गोळा करून ठेवली.

त्यांनी तुटलेली टोकं कात्रीने साफ कापून तात्पुरती जोडली आणि दुसऱ्या, चांगल्या यंत्रात पुढचं ऐकलं. तुटलेल्या जागेनंतर मामी हसत होत्या. खूप. हसू आवरत नव्हतं, मग कसंबसं "बरं, तर..." म्हणून घरचं, शेतीचं पुढे चालू. ताराबाई ते हसणं दहा वेळा ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "वीतभर फीत म्हणजे चार-पाच सेकंद. तुम्ही एकटे आहात, असं म्हणून ती काहीतरी बोलली आणि लाजून हसली. काय बोलली असेल ते आंधळ्यालाही कळेल."

"ताराबाई," मी म्हणालो, "तुमच्या मनात काय आहे?"

"तुम्ही फक्त कोणाला सांगू नका."

बोर्डावर असताना त्या मिलमधल्या कोणाचाही आवाज काढू शकत. मालकांच्या आवाजात त्यांनी एकदा स्वतःची रजा मंजूर करून घेतली होती. आता त्यांनी मामींचा आवाज धरायला घेतला. अहिराणी त्यांना समजायची, पण बोलायची सवय नव्हती. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या धुळ्याकडच्या बाईला त्यांनी विचारलं, नवरा परगावी असला तर बायको त्याला काय म्हणेल. ती बाई म्हणाली, "जिवले जपा म्हनी, आन काय." मग दोन दिवस माझ्या डोक्यावरच्या मजल्यावरून एकच वाक्य येत राहिलं. माझ्या बायकोने विचारलं, वर कोण आलंय? मी म्हणालो, पाहुणे असतील.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ते एका जुन्या कॅसेटवर भरलं, तेवढी वीतभर फीत कापली आणि मामींच्या फितीत जोडली. लावून दाखवलं. "तुम्ही तठे एकटा शेतस... अहो, जिवले जपा. मन्ही याद येस का?" आणि लगेच ते हसणं. इतकं चपखल बसलं होतं की माझ्या अंगावर काटा आला. पाप केल्याचा काटा असावा.

आप्पा आले. स्वच्छ धोतर, टोपी, केस विंचरलेले. समारंभाला आल्यासारखे खुर्चीच्या काठावर बसले. ताराबाईंनी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. आवाज सुरू झाला तसे आप्पा पुढे वाकले. गाय व्याल्याचं ऐकून मान हलवली. मग ती जागा आली. आप्पांनी झटकन वर पाहिलं. यंत्राकडे नाही, ताराबाईंकडे. ताराबाई पंख्याकडे बघत होत्या. आप्पांनी पुन्हा मान खाली घातली आणि शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर डोळे पुसले, कॅसेट उपरण्याच्या टोकात बांधली, म्हणाले, "मोठं काम केलंत बाई," आणि गेले.

"पचलं," मी म्हणालो.

ताराबाईंनी यंत्रातले सेल काढले.

ऐकायला घरी यंत्र नसल्यामुळे आप्पा दर रविवारी सकाळी कॅसेट घेऊन येऊ लागले. ताराबाई चहा करायच्या. आधी ते त्यांना "बाई" म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी जिन्यात होतो, आप्पांनी दार वाजवलं आणि हाक मारली, "अहो." थोडं थांबून पुन्हा, जरा लांबवून, "अहो, ताराबाई." मला काही वाटलं नाही. पण पुढच्या रविवारी तेच. चहा देताना, "अहो, साखर कमी." निघताना, "अहो, येतो हं." दर वेळी त्या "अहो"वर असा दाब, की ताराबाई पुन्हा पंख्याकडे बघू लागायच्या. आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या बाई त्या. त्यांना कळलं होतं, फक्त कळल्याचं दाखवायची हिंमत होत नव्हती.

सहाव्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम वर बोलावलं. साक्षीदार म्हणून की ढाल म्हणून, माहीत नाही. आप्पा म्हणाले, "अहो," आणि ताराबाईंनी कपबशी खाली ठेवली.

"आप्पा, ते माझं काम आहे. कॅसेट माझ्या यंत्रानं खाल्ली. माझ्या हावरेपणानं. मधलं वाक्य मी घातलंय."

"माहीत आहे," आप्पा म्हणाले.

"कशावरून?"

"ती मला जन्मात कधी अहो म्हणाली नाही. पोऱ्याना बाप म्हणायची, नाहीतर ऐकं का म्हणायची. अहो तुम्हा शिकलेल्या लोकांत." मग ते माझ्याकडे वळले. "आणि हे आमचे जावई. यांना ठाऊक होतं ना?"

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं.

ताराबाईंनी विचारलं, "मग त्या जागी काय होतं? काय म्हणाल्या होत्या त्या?"

आप्पांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. "बकरी," ते म्हणाले. "मास्तर टेप घेऊन अंगणात बसलेला. बकरीनं मागून येऊन त्याचं धोतर खायला घेतलं. ती बोलता बोलता थांबली आणि ओरडली, हट, हट, मास्तर, धोतर दखा. मग ते हसणं. इथे आम्ही एका खोलीत आठ जण राहायचो. ती कॅसेट रोज लागायची आणि सगळे त्या बकरीची वाट बघत बसायचे."

ताराबाईंनी मान खाली घातली. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, इतक्या की चष्मा काढावा लागला. आप्पाही हसले. मी हसावं की नाही हे मला ठरवता येईना, कारण माझा निकाल अजून लागला नव्हता.

"कापून टाकते," ताराबाई म्हणाल्या शेवटी. "माझं वाक्य काढते. तुमच्या कॅसेटमध्ये परक्या बाईचा आवाज कशाला?"

"राहू द्या," आप्पा म्हणाले. "बकरी मला पाठ आहे. तुमचं वाक्य आलं की मला आधी ती बकरी दिसते, मग ती हसते. आणि खरं सांगू का? जिवाला जपा असं तिनं म्हणावं, याची मी त्या साली फार वाट बघितली होती. ती कधी म्हणाली नाही. तिला असलं बोलता यायचं नाही. उशिरा का होईना, तिच्या कॅसेटमध्ये कोणीतरी म्हणालं."

मग म्हणाले, "ते पहिल्या दिवशीच सांगणार होतो. पण तुम्ही पंख्याकडे अशा बघत होतात, की म्हटलं, थोडे रविवार मजा बघू."

त्यांची ती रविवारची बैठक पुढे दोन वर्षं चालली. शेवटी शेवटी कॅसेट लागायचीच असं नाही. दोघं बसून बाजारातून आणलेल्या यंत्रांचे पट्टे बदलायचे. लूमवर हात बसलेला माणूस, आप्पांची बोटं चांगली चालायची. मला मात्र आप्पांनी कधीच पूर्ण माफ केलं नाही. माझ्या बायकोकडून त्या पाहुण्यांचं कळल्यावर घरच्या कार्यात सगळ्यांपुढे विचारायचे, "जावईबापू, पाहुणे गेले का वरचे?"

ताराबाईंना तोवर कमी ऐकू येऊ लागलं होतं. हे त्यांनी महिनोन् महिने लपवलं. डॉक्टरांनी कानातलं यंत्र दिलं तेव्हा त्यांनी ते तळहातावर घेऊन उलटंसुलटं केलं आणि एवढंच म्हणाल्या, "छान आहे. पण यात कॅसेट कुठे घालायची?" मागच्या वर्षी भाची त्यांना भुसावळला घेऊन गेली आणि तिथेच, थंडीत, त्या झोपेत गेल्या. आप्पांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "डबे कुठे आहेत?" भाचीने डबे नेले होते, डाळ समजून. घरी जाऊन उघडल्यावर तिने मला फोन केला होता. आता ती आणि तिचा नवरा एक एक यंत्र लावून बघतात, असं कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भुसावळला जायच्या आधीच्या आठवड्यात. मी रिक्षातून चौकाकडे निघालो होतो आणि जुन्या बाजारापाशी गर्दीत रिक्षा अडकली. पलीकडे, एका हातगाडीपाशी ताराबाई उभ्या होत्या. गाडीवर चार्जर, पंख्याची पाती, रिमोट यांचा ढीग, आणि ढिगावर एक टेपरेकॉर्डर. ताराबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग कानातलं यंत्र काढलं, पर्समध्ये टाकलं, चेन ओढली आणि मगच पुढे होऊन त्या टेपरेकॉर्डरला हात लावला.

गाडीवाल्याने काहीतरी सांगितलं. ताराबाईंनी कानामागे हात नेला. तो जरा मोठ्याने बोलला. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही. त्याने भावाची पाच बोटं दाखवली. त्या चष्म्यातून त्याच्या बोटांकडे बघत राहिल्या, अगदी केविलवाण्या. त्याने वैतागून आजूबाजूला पाहिलं, एक बोट मिटलं. ताराबाईंचा हात अजून कानामागेच होता. मग त्याने दुसरंही मिटलं.

त्याच वेळी त्यांची नजर रिक्षातल्या माझ्यावर पडली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. गाडीवाला पिशवी शोधायला खाली वाकला, तेवढ्यात त्यांनी कानामागचा हात काढला, एक बोट ओठांवर ठेवलं, आणि तो वर यायच्या आत पुन्हा कानामागे नेला. पुढची गाडी हलली, रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि आम्ही निघालो.